आक्काची गुळातली करवंदं

करवंदं गुळात शिजवणं म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. करवंदं लागतात, गूळ लागतो, चिमूटभर मीठ आणि बुडाला जाड असं पातेलं. माझ्या सुनेला हे मी एकदा भाजी चिरता चिरता सांगितलं आणि तिनं भात होईपर्यंत करूनही टाकलं. चांगली झाली होती. पण हीच गोष्ट आक्काच्या घरी करायची म्हटली की सकाळची दुपार होते, दुपारची संध्याकाळ होते आणि माझं डोकं उठतं.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. गडबला राहते, हायवे सोडून जरा आत. भावोजी गेल्यापासून एकटीच. मुलगा दिनेश पनवेलला असतो, कंपनीत शिफ्टला जातो, सुट्टी असेल तेव्हा येऊन डबा घेऊन जातो. मी रोह्याला दिलेली. दर मे महिन्यात एक दिवस मी एसटीनं गडबला जाते, आम्ही दोघी करवंदं करतो, भांडतो, आणि संध्याकाळच्या गाडीनं मी बरणी मांडीवर धरून परत येते. लग्न झाल्यापासून हेच चाललंय.

या वर्षी मात्र मला नुसतं करवंदांसाठी जायचं नव्हतं. आधल्या आठवड्यात दिनेशचा फोन आला. "मावशी, आईनं पुन्हा गॅस चालू ठेवला. दूध उतू जाऊन जाळ विझला, घरभर गॅस पसरला, आणि ही तिथंच बाजूला तांदूळ निवडत बसलेली. मंदावैनी शेजारनं धावत आल्या म्हणून वाचली. ती आता विसरायला लागलीय. मला तर शिफ्टमध्ये काय सुचत नाय. तू एक दिवस जा, नीट बघ तिच्याकडं आणि मला सांग. तुला वाटलं राहू शकते, तर राहू दे. नायतर पावसाच्या आधी मी तिला इकडं आणतो आणि घराला कुलूप लावतो."

म्हणजे निकाल माझ्या गळ्यात. पनवेलचा तो फ्लॅट मी पाहिलाय. सहावा मजला, खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. आक्का तिथं चार दिवस राहिली होती तर चारही दिवस चप्पल घालून दाराशी बसली होती. आणि मी नाही म्हणावं तर उद्या काही झालं की तोंड कोणाला दाखवू.

नागोठण्याच्या पुढे रस्त्याचं जे काही चाललंय ते मी म्हातारी होईपर्यंत चालणार असं मला वाटायचं. आता मी म्हातारी झाले. इथून वळवलंय, तिथून खोदलंय, पुलाचे खांब उभे आहेत आणि पुलाचा पत्ता नाही. खड्ड्यांतून कंबर सांभाळत, धूळ खात मी गडबला उतरले, तर आक्का ओटीवर उभीच.

"आलीस? मला वाटलं पुढच्या मे महिन्यात येतेस."

"रस्ता बघितलायस का?"

"मी कशाला बघू? मला कुठं जायचंय?"

हे वाक्य तिनं मुद्दाम टाकलं की सहज, मला कळलं नाही. पण दिनेशनं मला पाठवलंय हे तिला माहीत असणार, असं माझ्या मनात आलंच.

करवंदं तिनं आधीच घेऊन ठेवली होती. डोंगराकडच्या बायका अजून येतात, डोक्यावर टोपली, वर हिरवी पानं. मी सूप पुढं ओढलं आणि देठं काढायला लागले, तर लगेच सुरू. "काळी काळी वेगळी काढ. ती खायला. शिजवायला अर्धी लाल पायजेत. किती वर्षं करतेयस गो, अजून सांगायला लागतं." मी लाल वेगळी काढली. "सगळी लाल नको. थोडी काळी पण टाक, रंग कुठनं येणार?" मी थोडी काळी टाकली. "एवढी?" अशा वेळी मला सूप उचलून अंगणात भिरकावावंसं वाटतं. पण मी तिची तपासणी करायला आलेली, म्हणून गप्प बसले आणि बघत राहिले.

आणि बघावं तर काय, ती काहीही विसरलेली नव्हती. गूळ कुठल्या दुकानातला हे तिला ठाऊक. माझ्या लग्नात कोणी कुठलं पातेलं दिलं, त्यातलं कुठलं गळकं निघालं, ते ठाऊक. मंदावैनीच्या नातीची परीक्षा कधी झाली, वालाला यंदा भाव काय आला, माझी गुडघ्याची गोळी सकाळची की संध्याकाळची, सगळं पाठ. करवंदं मिठाच्या पाण्यात भिजत टाकली, ती चीक सुटेपर्यंत ठेवायची असतात, ते पाणी तिनं दोनदा बदललं. मी तर एकदाच बदलते. मग हिला झालंय काय? दिनेशला काय सांगू मी?

मिठाचं पाणी ही आमच्या माहेरची रीत. आमचं माहेर पेणच्या खाडीकडचं, दादा, म्हणजे आमचे वडील, मिठागरावर. घरात दुसरं काही नसलं तरी मीठ होतं. मोठे, करडे, जाडे खडे, कोपऱ्यातल्या माठात. डोंगरातल्या बायका उन्हं चढायच्या आत यायच्या, आई त्यांना मापानं मीठ द्यायची आणि त्या टोपलीतली करवंदं आमच्या सुपात ओतायच्या. कोण जास्त घेतं, कोण कमी देतं, यावर दोन्हीकडून बोलणी व्हायची आणि शेवटी त्यातलीच एखादी बाई आमच्या ओटीवर पाणी पिऊन, पाठ टेकून मगच उठायची. तिच्या अंगाला जळक्या पाल्याचा वास असायचा. आमच्या अंगाला खाडीचा. मला वाटतं, तिला आमचा वास येत असेल आणि आम्हाला तिचा, स्वतःचा मात्र कोणालाच येत नसेल.

मे महिन्यात आमच्या त्या घरात किती वास होते. मिठागराच्या वाफ्यांतून वाऱ्यावर येणारा खारट, जरासा उग्र वास. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा. पावसाआधी मिठाच्या राशी झाकायला आणलेल्या गवताचा. भिजून वाळलेल्या गोणपाटाचा. जेवायला आलेले दादा दारात सदरा काढून खुंटीला लावायचे, तो वाळल्यावर खुंटीवर तसाच उभा राहील की काय इतका ताठ व्हायचा. आणि या सगळ्यावर, दुपारच्या वेळी, चुलीवरच्या करवंदांचा. आधी ओली डहाळी मोडल्यासारखा हिरवा, कच्चा वास. मग आंबट, डोळ्यांत पाणी आणणारा. मग गूळ पडला की काही वेळ नुसत्या गुळाचा, करवंदं गेली कुठं असं वाटावं असा. आणि मग दोन्ही एकमेकांत मुरून एक तिसराच वास यायचा, त्याला आमच्याकडे नाव नव्हतं. तो आला की आई पातेलं उतरवायची.

चाखून बघायची सोय नव्हती. पहिली वाटी गावदेवीची. देवीच्या आधी कोणी चाखलं की उष्टं झालं. म्हणून आमच्याकडे करवंदं जिभेनं होत नाहीत, नाकानं होतात. आणि नाक होतं ते आक्काचं. ती दहा-बारा वर्षांची असल्यापासून आई तिला हाक मारून विचारायची, झाली का बघ. आक्का पडवीतून, न उठता, सांगायची, अजून नाय. माझे हात हुंगून मी गूळ चोरलाय की सुकी बोरं, हे ती सांगायची आणि मला मार बसायचा. पुढे गडबला आल्यावर तर लग्नकार्यात तिला खास बोलावणं असायचं. आचारी बाप्ये पदर खोचून उभ्या असलेल्या या बाईच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि ती नुसती पातेल्यांवरून चालत जायची. डाळीला लागलंय खाली. यात मीठ नाय. हा भात उतरवा. लोक म्हणायचे, हिच्या हातचं काय, हिच्या नाकाखालून गेलेलं जेवण पण वाया जात नाय.

त्यामुळे ती विसरभोळी झालीय हे माझ्या पचनी पडत नव्हतं. आणि पडत नव्हतं म्हणून माझी जास्त चिडचिड होत होती.

जेवणं झाल्यावर पातेलं गॅसवर चढलं. बारीक जाळ, पाण्याचा थेंब नाही. करवंदं तडतडली, फुटली, रस सुटला. आक्का डाव घेऊन उभी. मी खाली बसून गूळ फोडत होते.

"आता कसला वास येतोय?" तिनं विचारलं.

"करवंदांचा."

"तसं नाय. नीट सांग."

"कच्चा आहे अजून."

थोड्या वेळानं पुन्हा. "आता?" आंबट, मी म्हटलं. "नुसतं आंबट?" नुसतं आंबट. गूळ पडला, तेव्हा पुन्हा. "आता कसा?" माझी परीक्षा घ्यायची तिची ही जुनी खोड. लहानपणी मला पाढे असेच विचारायची, रस्त्यात, विहिरीवर, न्हाणीत. मी नातवंडांची आजी झाले तरी हिच्यासाठी मी अजून दुसरीतच. इकडे दुपार कलली होती. सकाळी भिजत टाकलेल्या करवंदांचं दोनदा पाणी बदललं नसतं तर आतापर्यंत बरणी भरून झाली असती. रोह्याची गाडी चुकली तर पुढच्या गाडीनं उभं राहून यावं लागणार होतं, या गुडघ्यांनी, त्या रस्त्यानं.

"आता कसा येतोय?"

"झालं," मी म्हटलं. "आला तो वास. उतरव."

आला नव्हता. गुळाचाच होता, आणि त्याच्याखाली कच्चा चीकही होता, हिरवा, डहाळीचा. मला माहीत होतं. मला गाडी पकडायची होती. आणि मला हेही माहीत होतं की ती माझं ऐकणार नाही. ती नाक मुरडेल, म्हणेल, तुला काय कळतंय, आणि डाव फिरवत राहील. मी नुसती बोलून मोकळी झाले होते.

आक्कानं पातेलं उतरवलं.

गॅस बंद केला, फडक्यानं काठ धरून पातेलं खाली ठेवलं, वर झाकण घातलं. मी गुळाचा खडा हातात धरून तशीच बसले. आयुष्यात तिनं माझं एकही ऐकलेलं नाही. साडीचा रंग, मुलांची नावं, दाराला लावायचा रंग, काही नाही. आणि करवंदं उतरवली, मी म्हटलं म्हणून.

मी उठले. मांडणीवरच्या एकसारख्या डब्यांतला सुकटीचा डबा काढला. झाकण उघडताच माझ्या नाकात सुक्या मासळीचा वास भक्कन गेला. मी डबा घेऊन तिच्या मागं गेले. ती पाठमोरी वाट्या काढत होती, वळली तसा मी तो तिच्या तोंडासमोर धरला. ती थबकली.

"यात काय हाय?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. खाली डब्यात बघितलं असतं तर तिला दिसलं असतं. बघितलं नाही.

"डबा हाय," ती म्हणाली.

मी झाकण लावलं. डबा जागेवर ठेवला. मग मला जो संताप आला तो सांगता येत नाही. "कधीपासनं?"

"तो ताप आलेला ना मागच्या पावसात. त्यानंतर."

"आणि बोलली नाहीस? आक्का, तुझं पोरगं तुला उचलून सहाव्या मजल्यावर ठेवायला निघालंय. त्याला वाटतंय तुझं डोकं चालेना झालंय. सगळा गाव तेच म्हणतोय."

"म्हणू दे. वय झालं की विसरतात माणसं. त्यात लाज काय?" ती वाट्या पुसत राहिली. पुसलेल्याच पुन्हा पुसल्या. "पण नाक गेलं म्हटलं तर माझ्या हातचं कोण खाईल गो? दिनेश डबा नेतो. मंदाकडं बारसं झालं तेव्हा मला बोलावलं. मी गेले, पातेल्यांवरनं चालले, पोरींना विचारत गेले, काय गो, कसा वाटतोय वास. त्या सांगायच्या, मी मान हलवायची. कोणाला कळलं नाय."

मला आठवलं, मागच्या दिवाळीत फोनवर तिनं मला तीनदा विचारलं होतं, तुझ्याकडं काय तळतायत, वास कसा सुटलाय. मी कंटाळून फोन सुनेकडे दिला होता.

"आणि तुला चव?"

"तिखट कळतं. मीठ कळतं. गोड कळतं थोडं. बाकी सगळं ओलं फडकं चघळल्यागत."

मी तिथल्या तिथं दिनेशला फोन लावला. ती नको नको म्हणत होती, हात धरायला आली, पण मी पडवीत गेले. मी बघायला आले होते आणि मी बघितलं होतं. आता तिच्या मानापायी गप्प बसले असते तर पावसाच्या आधी तिच्या घराला कुलूप लागलं असतं.

"तुझी आई काही विसरत नाही," मी दिनेशला सांगितलं. "तिला वास येत नाही. दुधाचा नाही, गॅसचा नाही, कशाचाच नाही."

पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत होती. तो मशीनपासून लांब गेला असावा, घरघर कमी झाली. मग म्हणाला, "मावशी, ती दर वेळेला डबा उघडून माझ्यापुढं धरते. वास घे, कसा येतोय सांग. मला वाटायचं, लाडानं करते. मी आपला न बघता म्हणायचो, मस्त."

"मग आता काय ते ठरव."

"ठरवायचं काय. तिथंच राहू दे तिला. रविवारी येतो, गॅस काढून टाकतो आणि विजेची शेगडी बसवतो. डॉक्टरकडं पण नेतो. मंदावैनींना सांगतो, सकाळ-संध्याकाळ डोकावून जा." मग म्हणाला, "तिला सांग, मी डबा न्यायला येणार हाय. नेहमीसारखा."

मी आत आले तेव्हा आक्का भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी सगळं सांगितलं. राहायचं ठरलं, हे ऐकूनही ती वळली नाही. फक्त म्हणाली, "विजेची शेगडी. आणि तिन्हीसांजेला लाईट जाते ती?"

कप्पाळ माझं. हिला देवळात नेऊन बसवलं तरी ही म्हणेल, देव जरा डावीकडं सरकवा.

"आणि करवंदं कच्ची हायत," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. गाडीसाठी."

तेव्हा मात्र ती वळली. मला वाटलं आता शिव्या घालेल, आणि घालायला हव्या होत्या. पण ती उठली, पातेलं परत गॅसवर ठेवलं, जाळ बारीक केला आणि डाव हातात घेतला. "ये इकडं," म्हणाली. "उभी राहा इथं. आता खरं सांग."

मी तिच्या शेजारी उभी राहिले. वाफ तोंडावर येत होती. मी सांगायला लागले. वर गूळ आहे, आक्का. खाली अजून चीक आहे, थोडासा, कमी होतोय.

"आईच्या चुलीवर यायचा तसा येतोय?"

"येईल आता."

"तसा म्हणजे कसा गो?" डाव फिरवायचा ती थांबली. "नाक गेलं तेव्हा म्हटलं, जाऊ दे, आठवण तर हाय. पण आता ती पण येत नाय. खाडी आठवते, चूल आठवते, आई दिसते, पण वास नाय त्याला कशालाच. टीव्हीवर बघितल्यासारखं."

सकाळपासून हिनं मला बोलायला लावलं म्हणून मी धुसफुसत होते. आता मी आपणहून बोलत सुटले. वाफ्यातलं पाणी तापलं की कसा यायचा ते. चिखलाचा. राशींवरच्या गवताचा, पहिल्या दिवशी कोरडा आणि मग कुबट. त्या डोंगरातल्या बाईच्या लुगड्याचा. आईच्या हातांना दिवसभर करवंदांचा चीक, तो राखेनं घासला की यायचा तो. मला शब्द सापडत नव्हते, मी हात हलवत होते, हे कशासारखं, ते कशासारखं, आणि ती डोळे मिटून, हनुवटी जरा वर करून ऐकत होती. बाहेरून गाडीचा हॉर्न आला. माझीच असणार.

"दादांच्या सदऱ्याला घामाचा वास यायचा ना?" तिनं विचारलं.

"घामाचा नाही. मिठाचा."

"व्हय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, ते तिनं पुसले नाहीत. "मिठाचा."

पातेल्यात रस दाटला होता, बुडबुडे हळू फुटत होते. तिनं फडकं हातात घेतलं आणि माझ्याकडं बघितलं.

"उतरवू?"

"थांब," मी म्हटलं, आणि ती थांबली.